दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड: तीन वर्षे चालवल्यानंतर

तीन वर्षांपूर्वी मी नांदेडच्या एका घरातून १९६० च्या दशकातली दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड विकत घेतली आणि तेव्हापासून ती छत्रपती संभाजीनगर आणि आसपासच्या रस्त्यांवर, बहुतेक करून रविवारी सकाळी, चालवत आलो आहे. ९४८ सीसीचे आणि जेमतेम ३५ अश्वशक्तीचे इंजिन असलेल्या या गाडीला स्पोर्ट्स मोटार म्हणणे काही जणांना धाडसाचे वाटेल आणि त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. पण तिची वंशावळ पाहिली तर हा दावा अगदीच हवेत नाही, हे लक्षात येते. इंग्लंडमध्ये १९५९ साली आलेल्या ट्रायम्फ हेराल्डचे रूप जिओव्हानी मिकेलोत्ती या इटालियन आरेखकाने घडवले होते, आणि १९६२ साली आलेली ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन आसनी उघडी स्पोर्ट्स मोटार याच हेराल्डची चासी आखूड करून तिच्यावर उभी केलेली होती. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून हीच गाडी आपल्याकडे बनवायला घेतली. त्यामुळे स्पिटफायरचे स्टेअरिंग, तिचे पुढचे सस्पेन्शन आणि मागचा तो बदनाम आडवा स्प्रिंगचा पाटा हे सगळे, आयातीच्या भानगडीत न पडता, आपल्याच मातीतल्या नंबरप्लेटसह मिळण्याचा मार्ग म्हणजे हेराल्ड.

निर्णयापर्यंत येण्याआधी मी दुसऱ्या गाड्याही पाहिल्या. स्वातंत्र्यापूर्वीच्या आणि लगतच्या काळात आलेल्या एमजी मोटारी माझ्या खिशाला परवडणाऱ्या नव्हत्या, तेव्हा त्यांचा विचार तिथेच संपला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्म ही दिसायला अस्सल दोन आसनी उघडी मोटार आहे, तिला रेनोचे ११४९ सीसीचे इंजिन आहे आणि फायबरग्लासचे अंग असल्यामुळे ते गंजत नाही. मात्र पुढची काच तडकली किंवा दिव्याचे घर फुटले तर कुठे जायचे, या प्रश्नाला विक्रेत्याकडेही उत्तर नव्हते. हिंदुस्तान मोटर्सची काँटेसा मला नेहमीच आवडत आली आहे, पण ती ऐसपैस बसून जाण्याची गाडी आहे, वळणावर मजा देण्याची नव्हे. फियाट १२४ चे अंग आणि निसानचे ११७१ सीसीचे इंजिन घेऊन १९८५ साली आलेली प्रीमियर ११८ एनई ही मात्र खरोखर शहाणपणाची निवड आहे आणि ज्यांना माझ्यासारखा हट्ट नाही त्यांनी तीच घ्यावी. आपल्या शेंद्र्याच्या कारखान्यात जोडली गेलेली स्कोडाची पहिली ऑक्टाव्हिया आणि तिची टर्बो आरएस आवृत्ती यांचा मोहही मला काही दिवस होता, परंतु वीस वर्षांपूर्वीचे इलेक्ट्रॉनिक्स गॅरेजमध्ये पाना घेऊन दुरुस्त होत नाही आणि हेराल्डमध्ये पान्याने दुरुस्त न होणारे जवळपास काहीच नाही.

हेराल्ड घ्यायची ठरवल्यावरही कोणती घ्यावी हा प्रश्न उरतोच. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात कंपनीने खास भारतासाठी चार दारांची हेराल्ड आणली, ती कुटुंबासाठी सोयीची आहे. १९७२ साली आलेल्या गॅझेलमध्ये इंजिन तेच राहिले, पण मागचे स्वतंत्र सस्पेन्शन जाऊन सरळ ॲक्सल आला, कारण ते सस्पेन्शन इथल्या गिऱ्हाइकांना आणि मिस्त्रींना फारसे रुचले नव्हते. व्यवहाराच्या दृष्टीने हा बदल योग्यच म्हणावा लागेल, पण ज्याला चालवण्याची मजा हवी आहे त्याच्यासाठी गॅझेलमध्ये हेराल्डचा अर्धा स्वभाव उरलेला नाही. म्हणून दोन दारांचीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता खरेदीकडे वळतो, कारण हेराल्डच्या बाबतीत पुढची दहा वर्षे सुखाची की कटकटीची हे बहुतांशी त्या एका सकाळीच ठरते. आजच्या मोटारींप्रमाणे हिचे अंग आणि सांगाडा एकसंध नाही. लोखंडी चासी वेगळी आहे आणि पत्र्याचे भाग तिच्यावर नटबोल्टने बसवलेले आहेत, अगदी छप्परसुद्धा. याचा अर्थ असा की कुठलाही सडलेला पत्रा काढून बदलता येतो, पण चासी सडलेली असेल तर वरच्या चकचकीत रंगाला काहीही किंमत नाही. मी पाहिलेली पहिली गाडी मुंबईत होती. रंग असा की तोंड दिसावे, आसने नवी, चाकांच्या टोप्या चकाकणाऱ्या, आणि विक्रेता इंजिन सुरू करून दाखवायला अतिशय उत्सुक. मी सोबत नेलेल्या मिस्त्रींनी मात्र इंजिनाकडे पाहिलेही नाही. "सर, इंजिन कधीही बांधता येतं, आधी खालून बघू," एवढे बोलून ते लोहचुंबक आणि टॉर्च घेऊन गाडीखाली शिरले. चासीच्या मुख्य दांड्यांपासून दोन्ही बाजूंना निघणारे जे आडवे हात अंगाचा भार पेलतात, त्यांतल्या दोन हातांवर चुंबक चिकटतच नव्हता. वर काळा रंग, रंगाखाली बोटभर लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, आणि तिच्याखाली गंजाचा भुगा, असा प्रकार होता. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने हलकेच टोचल्यावर आत पोकळी निघाली आणि विक्रेत्याची उत्सुकता तिथेच ओसरली.

नांदेडची गाडी दिसायला याच्या अगदी उलट होती. रंग उडालेला, आसनांचे रेक्झिन फाटलेले, डॅशबोर्डला उन्हाने भेगा गेलेल्या आणि दारांचे रबर हाताला लागताच चुरा होणारे. पण चासी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हातोडीला खणखणीत वाजत होती. दार आणि पुढचे बॉनेट यांच्यामधली फट दोन्ही बाजूंना वरपासून खालपर्यंत सारखी होती, आणि चासी कधी वाकलेली नाही याची हेराल्डमधली सर्वांत सोपी खूण हीच आहे. मराठवाड्याची कोरडी हवा रबराची, लाकडाची आणि रंगाची वाट लावते, पण लोखंड राखते. किनाऱ्यावरची दमट हवा नेमके उलटे करते. रबर, रेक्झिन आणि रंग या गोष्टी पैसे टाकले की मिळतात. तेव्हा मुंबई-कोकणातली नटवलेली गाडी आणि आपल्याकडच्या शेडमध्ये धूळ खात पडलेली गाडी असा पर्याय असेल, तर डोळ्यांना जे सांगायचे ते सांगू द्यावे आणि धूळ खाल्लेलीच घ्यावी.

दुसरी तपासणी पुढच्या चाकांची. पुढच्या सस्पेन्शनमध्ये, खालच्या बाजूला, चाकाचा उभा दांडा ट्रनियन नावाच्या ज्या पितळी सांध्यात आट्यांवर फिरतो, तिथे ग्रीस नव्हे तर गेअरचे जाड तेल, म्हणजे ईपी ९० प्रतीचे, भरायचे असते. आपल्या गॅरेजांमध्ये वंगण भरायचा निप्पल दिसला की ग्रीसगन लावण्याची सवय आहे. ग्रीस आट्यांपर्यंत नीट पोहोचत नाही, कालांतराने सुकते, खाली पाणी साचते, दांडा आतून गंजतो आणि एके दिवशी वळण घेताना तुटतो. मग चाक आडवे होते आणि गाडी नाकावर बसते. ही अतिशयोक्ती नाही, या जातीच्या ट्रायम्फ गाड्यांचा हा जगभर ठाऊक असलेला दोष आहे. माझ्या गाडीचे दोन्ही ट्रनियन उघडले तेव्हा आत दगडासारखे झालेले ग्रीस निघाले. एक दांडा वाचला, दुसऱ्यावर गंजाचे खड्डे होते म्हणून तो बदलला. आता दर काही महिन्यांनी मी स्वतः तेल भरतो आणि त्यासाठी गाडी गॅरेजला देत नाही.

इंजिन पाहायचे झाल्यास एक साधी कसोटी आहे. इंजिन बंद ठेवून एकाने क्लच दाबावा आणि दुसऱ्याने पुढे क्रँकच्या पुलीवर नजर ठेवावी. पुली डोळ्यांना कळेल इतकी मागेपुढे सरकली तर क्रँकला मागेपुढे सरकू न देणाऱ्या आतल्या चकत्या, म्हणजे थ्रस्ट वॉशर, झिजले आहेत, आणि ते गळून पडले तर इंजिनाच्या ब्लॉकलाच इजा होते. धूर, तेलगळती, टॅपेटचा आवाज या गोष्टींनी मी फारसा विचलित झालो नाही. थोडे तेल गाळणे हा त्या काळच्या ब्रिटिश इंजिनांचा धर्मच आहे.

हे सगळे पाहण्याचे काम हेराल्डइतके सुखाचे दुसऱ्या कुठल्याच गाडीत नाही, हे येथे आवर्जून नोंदवतो. संपूर्ण बॉनेट, मडगार्ड आणि दिव्यांसकट, पुढच्या बाजूला उलथते आणि इंजिन, रेडिएटर, सस्पेन्शन, स्टेअरिंग असे सारे काही ताटात वाढल्यासारखे समोर येते. आमचे मिस्त्री पुढच्या टायरवर चक्क बैठक मारतात, चहाचा पेला बॅटरीशेजारच्या पत्र्यावर ठेवतात आणि कार्बोरेटर उघडतात. नव्या गाडीत ज्या कामासाठी अर्धे इंजिन उतरवावे लागते, ते येथे चहा गार होण्याआधी उरकते.

चालवण्याच्या अनुभवाविषयी लिहायचे तर माझा नेहमीचा रस्ता दौलताबादच्या किल्ल्याखालून घाट चढून खुलताबाद आणि तिथून म्हैसमाळ असा आहे. एका बाजूचे अंतर साधारण ४० किलोमीटर. स्टेअरिंग रॅक अँड पिनियन प्रकारचे असल्यामुळे त्या काळच्या इतर देशी गाड्यांत मधल्या भागात जो सैलपणा जाणवतो तो हिच्यात नाही, आणि पुढचे चाक खड्ड्याच्या काठावरून गेले का खडीवरून हे हाताला अचूक कळते. वळण्याचे वर्तुळ तर थक्क करणारे आहे: अवघ्या २५ फूट व्यासात गाडी पूर्ण फिरते, म्हणजे जुन्या शहरातल्या गल्लीत रिक्षा जिथे वळेल तिथे हेराल्डही वळते. चार गेअर आहेत. पहिल्याला सिंक्रोमेश, म्हणजे चालत्या गाडीत गेअर अलगद पडू देणारी रचना, नसल्यामुळे गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो टाकायचा नाही, अन्यथा गेअरबॉक्स जो आवाज काढते तो शेजारच्या टपरीवरही ऐकू जातो. घाटात दुसऱ्या गेअरमध्ये, ताशी ४० किलोमीटरच्या आसपास, इंजिन गुणगुणू लागते, आसन जमिनीपासून वीतभर उंचीवर असल्यासारखे वाटते आणि म्हैसमाळच्या वाटेवरचे प्रत्येक वळण खऱ्यापेक्षा दुप्पट तीव्र भासते. ज्या वेगात नव्या गाडीत माणूस जांभया देईल, त्या वेगात इथे तळहात ओलसर होतात. माझ्यासाठी या गाडीची सगळी किंमत या एका गोष्टीत वसूल झालेली आहे.

मागच्या सस्पेन्शनबाबत मात्र सावध करणे आवश्यक आहे. मागची दोन्ही चाके एका आडव्या पाट्याला बांधलेली आहेत आणि त्यांचे ॲक्सल फक्त आतल्या टोकाला सांधलेले आहेत. जोरात वळणात शिरून मध्येच ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की गाडीचा मागचा भाग उचलला जातो, बाहेरचे चाक अंगाखाली मुडपते आणि शेपटी निसटते. उपाय जुनाच आहे: ब्रेक वळणाआधी मारावा, वळणात पाय ॲक्सिलरेटरवर हलका पण स्थिर ठेवावा आणि पावसाळ्यात बहादुरी करू नये. चारही चाकांना ड्रम ब्रेक असल्याने म्हैसमाळहून उतरताना ते तापतात, म्हणून उतारावर दुसरा गेअर सोडत नाही.

सपाट महामार्ग हा तिचा प्रांत नव्हे. ताशी ७० पर्यंत ती खुशीत असते, ८० नंतर आवाज आणि थरथर एवढी वाढते की शेजारच्याशी बोलता येत नाही, आणि १०० च्या पुढे नेण्याची मला कधी इच्छा झाली नाही. ताशी १२० ची मुभा असलेल्या समृद्धी महामार्गावर ही गाडी नेणे म्हणजे स्वतःसह मागून येणाऱ्यांनाही संकटात घालणे आहे.

मराठवाड्यात या गाडीचा खरा शत्रू उन्हाळा आहे. पारा ४० च्या वर गेला की मूळ रेडिएटर अपुरा पडतो. मी जुन्या रेडिएटरच्या टाक्या तशाच ठेवून आतला कोअर जास्त नळ्यांचा बसवून घेतला आणि पुढे एक छोटा विजेचा पंखा लावला, त्यानंतर पाणी उकळण्याची तक्रार थांबली. पेट्रोल उकळण्याची तक्रार मात्र राहिली. पहिल्या एप्रिलमध्ये पैठणहून परतताना बिडकीनच्या अलीकडे गाडी गचके खात बंद पडली, कारण इंजिनालगतच्या पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होऊन पुरवठाच तुटला होता. रस्त्याकडेच्या हॉटेलातून फडके आणि तांब्याभर पाणी मागून घेतले, ओले फडके पंपाभोवती गुंडाळले, पंधरा मिनिटे कडुनिंबाखाली बसलो आणि गाडी जणू काही झालेच नाही अशा थाटात सुरू झाली. आता नळीला उष्णतारोधक आवरण आहे, तरीही एप्रिल-मे महिन्यांत सकाळी नऊनंतर गाडी बाहेर काढत नाही आणि डिकीत एक फडके कायम असते.

त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. आपल्याच भागातल्या उसाचा अंश गाडीत जळतो याचे कौतुक करावे तर जुन्या रबराला हे मिश्रण मानवत नाही. ते नळ्या मऊ पाडते, पंपाचा पडदा कडक करते आणि हवेतले पाणी शोषून टाकीत गंज धरवते. सर्व रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घालणे, कार्बोरेटरचे मिश्रण किंचित दाट करणे आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल साचू न देणे, एवढे केल्यावर मला त्रास झालेला नाही. सरासरी लिटरला १२-१३ किलोमीटर पडते.

विजेच्या बाबतीत एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. माझ्या हेराल्डमध्ये त्या काळच्या रीतीप्रमाणे बॅटरीचे धन टोक अंगाला जोडलेले आहे. पहिल्या वर्षी एका ऑटो इलेक्ट्रिशियनने, न विचारता, सवयीप्रमाणे ऋण टोक अंगाला जोडले. डायनामो आणि बॅटरी यांना जोडणाऱ्या-तोडणाऱ्या कटआउटचे पॉइंट क्षणात जळाले आणि दोन आठवडे गाडी उभी राहिली. त्यांना दोष तरी किती द्यावा, त्यांच्या आयुष्यात अशी गाडी पहिल्यांदाच आली होती. बॅटरीच्या झाकणावर आता मी लाल रंगात ठळक सूचना लिहून ठेवली आहे.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष करून कोणीही जुनी गाडी घेऊ नये. ५० वर्षांहून जुन्या मोटारींसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचा वेगळा नियम केला. त्यात नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क आहे, ती दहा वर्षे चालते आणि पाटीवर व्हीए ही अक्षरे येतात. ऐकायला हे आकर्षक वाटते, पण अशी गाडी प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल यांपुरतीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी नाही. ज्याला गाडी चालवायचीच आहे त्याने मूळ नोंदणी जिवंत असलेली गाडी शोधावी आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण करत राहावे. २० वर्षांपेक्षा जुन्या मोटारीसाठी हे शुल्क ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये झाले आहे आणि पर्यावरण कर वेगळा. माझी गाडी महाराष्ट्रातच नोंदलेली, जुन्या तीन अक्षरी क्रमांकाची होती, त्यामुळे नांदेडहून ना हरकत प्रमाणपत्र आणून नाव बदलण्यावर भागले. तामिळनाडूत हेराल्ड अधिक मिळतात हे खरे, पण परराज्यातली गाडी घेतल्यास कराचा हिशेब आधीच करावा. इंजिन आणि चासीवरचे क्रमांक नोंदणीपुस्तकाशी स्वतः पडताळावेत. घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला आकडा दिसला की चहासुद्धा न घेता उठावे.

सुट्या भागांची अवस्था लोक समजतात तितकी वाईट नाही. स्पिटफायरमुळे ट्रनियन, बुश, गॅस्केट, ब्रेकचे सिलिंडर इंग्लंडमध्ये आजही नवे तयार होतात आणि टपालाने मागवता येतात, फक्त सीमाशुल्कामुळे किंमत फुगते. १३ इंची टायर इथेच मिळतात. उरलेले काम लेथवर होते: माझ्या पाट्याचे बुश आणि पाण्याच्या पंपाची दांडी चिकलठाण्याच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये, जुना तुकडा नमुना म्हणून देऊन, दोन दिवसांत करून मिळाली. दुर्मीळ आहेत त्या भारतीय हेराल्डच्या खास वस्तू, म्हणजे नक्षीच्या पट्ट्या, जाळी, दिव्यांच्या काचा. गाडी घेताना यांतले काय जागेवर आहे हे मोजून घ्यावे, कारण इंजिनापेक्षा एखादी जाळी शोधण्यात जास्त महिने जातात.

गाडीसाठी जेवढे पैसे दिले, जवळपास तेवढेच पहिल्या दीड वर्षात तिच्यावर खर्च झाले. हा आकडा मनात धरूनच बोली लावावी. ज्यांच्याकडे सावलीची जागा नाही, ज्यांना दुसरी धड गाडी न ठेवता हिच्यावरच कामाला जायचे आहे, किंवा ज्यांना हात काळे करण्याचा तिटकारा आहे, त्यांना मी ही गाडी सुचवणार नाही.

राहता राहिले छप्पर. ते नटबोल्टवर असल्यामुळे उतरवून गाडी उघडी करता येते आणि स्पिटफायरचा आभास आणखी जवळ आणता येतो, असे गाडी पाहणारा प्रत्येक जण मला सुचवतो. गेली दोन वर्षे मी पाना हातात घेऊन छपराखाली उभा राहिलो आणि फाल्गुनातले ऊन पाहून तो परत ठेवला. या वर्षी मार्गशीर्षात, पहिल्या थंडीला, ते बोल्ट सोडवायचे असे मिस्त्रींशी ठरले आहे. गंजलेल्या आट्यांत त्यांनी आतापासूनच तेल सोडून ठेवले आहे.